कोपराखाली चार बोटं

६ जानेवारी १९९७, सोमवार. कराड

ही डायरी प्लायवूडच्या व्यापाऱ्यानं नवीन वर्षाची म्हणून दिली. पहिल्या पानावर इंच-मिलिमीटरचा तक्ता, शेवटच्या पानावर त्याच्या दुकानाचा फोन. मधली पानं माझी. पुण्यात किचनच्या कंपनीत तीन वर्षं होतो तेव्हा डायरीची गरज पडली नाही, मनात येईल ते चहाच्या टपरीवर बोलून मोकळं होता यायचं. इथं कुणाशी बोलू? ज्योतिबा मिस्त्री दिवसभर रंधा मारतो आणि तंबाखू मळतो. आईला ट्रॉली म्हटलं की कारखान्याला चाललेली उसाची ट्रॉली दिसते.

दुकान उघडून सहा महिने झाले. ‘मापाप्रमाणे किचन बनवून मिळेल’ अशी पाटी लावली आहे. मापाप्रमाणे हा शब्द आजवर एकाही गिऱ्हाइकानं वाचलेला नाही. आज एक गूळवाले आले. त्यांना ओट्याच्या वर काचेची पेटी हवी, तिच्यात मासे. खाली मासे तळायचे आणि वर मासे पोहणार. मी विचारलं, स्वयंपाकघर किती बाय किती आहे? म्हणाले, "ते नंतर बगू, मासं बसतील का सांगा." परवा एकाला लाल सनमायका हवा होता, कारण सातारच्या त्याच्या साडूकडे लाल आहे. शी. ह्यांना किचन नको, साडूच्या तोंडावर मारायला काहीतरी हवं असतं.

पुण्यात मी एकच गोष्ट शिकलो जिच्याबद्दल मला आदर आहे. जी बाई रांधणार तिला सरळ उभी करायची, कोपर दुमडायला सांगायचं, आणि कोपराखाली चार बोटं सोडून जिथं माप येईल ती ओट्याची उंची. इकडे ओट्याला कट्टा म्हणतात. काहीही म्हणा, माप तेच. बाई बदलली की ओटा बदलला पाहिजे. बाकी ग्रॅनाईट, चिमणी, जाळीच्या ट्रॉल्या, ही नुसती कपडेपट्टी.

दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. त्यातलं स्वयंपाकघर मी आईला गावाहून आणायच्या आधीच नमुना म्हणून बांधून ठेवलं होतं. काळा ग्रॅनाईट, अकरा ट्रॉल्या, कंपनीच्या पुस्तकातल्या फोटोबरहुकूम. गिऱ्हाइकाला आत नेऊन दाखवतो. आज गूळवाल्यांना आत नेलं, तर ओट्यासमोर दोन विटा आणि त्यांवर आंब्याचा पाट! फोटोसारख्या किचनमध्ये विटा! मी पायानं खाली ढकलल्या. नंतर आईला बोललो. ती म्हणाली, "इसरले रं काढायला." रोज विसरते.

९ जानेवारी, गुरुवार

मोठं गिऱ्हाईक आलं. सुभेदार मेजर मानसिंग, पलटणीतून निवृत्त, कोयनेकाठी ऊस. जुन्या घराशेजारी नवीन बंगला बांधलाय. मुलगा वीरधवल सांगलीत इंजिनिअर, त्याचं लग्न ठरतंय विश्रामबागच्या मुलीशी. मुलीकडचे दोन मार्चला घर बघायला येणार. तोवर किचन तयार पाहिजे.

"किचन पायजे. एक नंबर," सुभेदार म्हणाले.

"स्वयंपाक कोण करणार?"

"बायका."

"कोणत्या?"

"आवं, घरातल्या! बाहेरनं आनू व्हय?"

सून बँकेत आहे, सांगलीतच राहणार, सणावाराला येणार. म्हणजे रांधणारी उरली एकच, सुभेदारांची बायको. नाव सांगताना ते जरा अडखळले, परक्यासमोर बायकोचं नाव घ्यायची सवय नाही. बनुबाई.

आमचं नमुन्याचं किचन त्यांनी गार्डची तपासणी करावी तसं बघितलं. प्रत्येक ट्रॉली ओढली, ढकलली, "व्हेरी गुड" म्हणाले. आईनं पाणी आणलं. सुभेदारांनी तांब्याकडे बघितलं, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीकडे बघितलं, मग म्हणाले, "आत्ताच पिऊन आलोय." कराडात जीपमधून उतरल्यापासून ते माझ्यासमोरच होते. कुठं प्यायले?

आई तांब्या घेऊन आत गेली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी हसून म्हणालो, "येतो साहेब बुधवारी." त्या हसण्याची मला आत्ता लिहितानाही किळस येते आहे.

पण खरं लिहायचं तर हे काम मला हवं आहे. दोन मार्चला तिथं कारखान्याची, सोसायटीची सगळी बडी मंडळी असणार. हे किचन डोळ्यांत भरलं तर मी कराडात टिकलो. नाही भरलं तर पुण्याच्या साहेबांनी मार्चअखेरपर्यंत माझी जागा धरून ठेवली आहे. मग पुन्हा कॉट बेसिसवर राहायचं आणि आई पुन्हा गावात एकटी.

१५ जानेवारी, बुधवार

सुभेदारांच्या गावी. ज्योतिबा बरोबर होता. मी म्हटलं, जुनं स्वयंपाकघर बघतो, भांडी किती, परात केवढी, बाईंची उंची घेतो. सुभेदार उंबऱ्यात आडवे झाले. "तिथं आमचं देव हाईत. आत कुनी जात न्हाई." मी ज्योतिबाकडे बघितलं. ज्योतिबा सुताराचा. त्याला नंतर हातपाय धुवायला मोरीवर बोलावलं, आणि मोरी स्वयंपाकघरातून पुढं आहे. तो आत जाऊन आला. तो खाली बघत होता, मी वर.

काल संक्रांत झाली म्हणून तिळगूळ दिला. सुभेदारांच्या पुतणीनं ज्योतिबाच्या हातावर ठेवला. माझ्या हातावर वरून सोडला. वीतभर उंचीवरून. एक दाणा निसटून खाली पडला, तो मी उचलला नाही. बाकीचा खिशात घातला आणि येताना पुलावरून नदीत टाकून दिला. स्वयंपाकघर बांधायला माणूस चालतो, बघायला चालत नाही.

बनुबाई दाराच्या आतून बोलत होत्या. दिसल्या एकदाच, चुलीपुढं बसलेल्या, पाठमोऱ्या, एवढ्याशा. नंतर आतल्या आत चालत गेल्या तेव्हा एक पाऊल जड आणि एक हलकं वाजलं. हातात काहीतरी जड असावं.

१९ जानेवारी, रविवार. सांगली

सुभेदारांनी विश्रामबागला नेलं, होणाऱ्या व्याह्यांचं किचन दाखवायला. "आगदी असंच पायजे. ह्याच्यापेक्षा जरा जादा."

किचन बघितलं. इंग्रजी यू आकाराचा ओटा, वर धुराडं, आरशाचं कपाट, उंच स्टुलं. ट्रॉल्यांच्या दांड्यांवर कारखान्यातलं प्लॅस्टिक तसंच. किती दिवस झाले, विचारलं. "दीड वर्ष." मी धुराड्यात डोकं घालून वर बघितलं. पाइपच जोडलेला नाही! धूर जाणार कुठं? धूरच नाही म्हणा. गॅसच्या बर्नरवर एक डाग नाही. चहा आला, तो मागच्या अंगणातून. बघायला गेलो तर पत्र्याच्या छपराखाली दोन बायका जमिनीवर बसून स्टोव्हवर पन्नास पोळ्या भाजत होत्या, घामानं निथळत. व्याही अभिमानानं म्हणाले, "आत करू देत नाही, खराब होतं."

स्वयंपाक केल्यानं खराब होणारं स्वयंपाकघर! आणि सुभेदार वहीत लिहून घेत होते, धुराडं एक, आरसा एक, स्टूल चार.

परत येताना जीपमध्ये मी त्यांना कोपराचं माप समजावलं. म्हटलं, बाकी सगळं यांच्यासारखं करतो, उंची मात्र काकींच्या मापाची. ते म्हणाले, "उंचीबिंची बायकांचं काम. तुमी आन ती बगा. मला रंग दाखवा."

कसं बघू? दारातून?

२७ जानेवारी, सोमवार

शेवटी दोरीवर आलो. ब्लाउज शिवायला बायका जुना ब्लाउज मापाला पाठवतात, तसं. सुतळीचा एक तुकडा सुभेदारांच्या हातात दिला आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काकी, एक टोक पायाशी धरा. कोपर दुमडा. कोपराच्या खाली चार बोटं सोडून गाठ मारा." आत कुजबूज, काहीतरी सरकवल्याचा आवाज. सुभेदार दोरी घेऊन बाहेर आले. "ती इचारती, कट्ट्याखाली मधी दोन फूट मोकळं सोडता येईल का?"

तिथं माझ्या तीन ट्रॉल्या बसतात. मोकळं सोडलं तर रांगेचा सत्यानाश. "कशाला?" म्हटलं. सुभेदार आत विचारून आले. "म्हनती, लागतंय." गॅसची टाकी ठेवणार असतील. सांगून सवरूनही ह्यांना टाकी समोरच दिसली पाहिजे. बरं, सोडतो.

दुकानात येऊन दोरी टेपवर धरली. साडेसव्वीस इंच.

ज्योतिबानं दोरी हातात घेतली, गाठ बघितली, पुन्हा टेपवर धरली. "भूषणराव, ही बाय हाय का बाहुली?"

"बुटकी असेल. मी बघितली ना बसलेली, एवढीशीच आहे."

"शाळंतली पोरगी सुदीक एवढी नसती. एकदा इचारून या."

"कुणाला विचारू? उंबऱ्याला?"

त्यानं दोरी ठेवली आणि रंधा उचलला. मी लिहून ठेवतो, मलाही संशय आहे. पण विचारायला पुन्हा त्या दारात उभं राहायचं, पुन्हा देव आहेत म्हणून ऐकायचं, हे मला जमणार नाही. मला आत घेत नाही ना? मग दोरी आली तेच माप. साडेसव्वीस म्हणजे साडेसव्वीस. उद्या काही झालं तर दोरी दाखवीन. ती मी डायरीत, ह्याच पानात ठेवली आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काम जोरात. नवीन बंगल्यात अजून देव मांडलेले नाहीत, त्यामुळे तिथं मी चालतो. विटांचे आधार उभे राहिले. गवंडी हसला, "हे कुनाचं, रानातल्या बुटक्यांचं?" सुभेदार दहा दिवस सांगलीत, बस्ता आणि दागिने. ते असते तर कदाचित मी बोललो असतो. कदाचित नसतो.

आईनं आज हाताला चटका लावून घेतला. कोपराजवळ, आतल्या बाजूला, तव्याच्या कडेचा. ह्याच महिन्यात दुसऱ्यांदा. इतक्या चांगल्या किचनमध्ये ही माणसं भाजून कशी घेतात कळत नाही. लक्षच नसतं. खांद्यालाही बाम चोळत असते, सगळं घर बामानं घमघमतं, गिऱ्हाइकाला काय वाटेल? मी म्हटलं, गावी चुलीपुढं बसून कंबर मोडायची ते बरं होतं का? म्हणाली, "न्हाई रं, हितं लय सुख हाय." मग पुन्हा विटांवर चढली. ती उतरल्यावर, गिऱ्हाईक येण्याची वेळ झाली होती म्हणून, मी पाट उचलून कॉटखाली टाकला.

पुण्याहून पत्र. साहेब विचारतात, येतोस का नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ग्रॅनाईट बसला. मी लांब जाऊन बघितलं. वर व्याह्यांच्यापेक्षा वरचढ धुराडं (पाइप जोडलेलं, निदान एवढं मी केलं), आरसा, लाल कपाटं, आणि खाली हा ओटा, माझ्या मांडीच्या मध्यावर. मधे दोन फुटांचं भोक. एखाद्या रुबाबदार माणसानं तोकडी चड्डी घालावी तसं दिसतंय. उद्या सुभेदार येणार.

झोप लागणार नाही. दोरी आहे, पण दोरी दाखवून काय होणार? लोक किचन बघतील, दोरी नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं लिहितो.

सुभेदार आले, किचनमध्ये गेले, आणि आतून ओरडले, "ह्यो कट्टा हाय का गव्हाण?" मी आत गेलो. त्यांचा चेहरा कपाटांच्या रंगाचा झाला होता. "आठ दिवसांवर मानसं येनार! म्हशी बांधू का हितं?" मी डायरीतून दोरी काढली. "ही तुमच्याच हातून आली, साहेब."

"आन तुझी अक्कल?" इतके दिवस ‘तुमी’ होतो, आज ‘तू’ झालो. "तुला दिसत न्हवतं? शिकलास कशाला मग?"

दिसत होतं. मला दिसत होतं आणि मी रागानं बांधलं. ज्योतिबा जमिनीकडे बघत होता. त्यांनी गड्याला पहार आणायला सांगितली.

तेवढ्यात जुन्या घराकडून बनुबाई आल्या. मी त्यांना उभं पहिल्यांदाच बघत होतो. बुटक्या? माझ्या कानाला लागतील एवढ्या उंच! चौकट धरून उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर, एक गुडघा उशीसारखा सुजलेला लुगड्यातूनही कळत होता. बाहेरच्या माणसांपुढं त्या कधी येत नसाव्यात, कारण सुभेदार बघतच राहिले.

"दोरी माझी हाय," त्या म्हणाल्या.

"तू गप. तुला काय कळतंय?"

"आवं, मलाच कळतंय. टुलावर बसून घेतलंय म्या माप. चार वर्सं झाली, गुडगं वाकत न्हाईत. खाली बसलं तर उठवत न्हाई, उबं ऱ्हायलं तर ऱ्हावत न्हाई. तुमी बाजारातनं धुराडं आनलंसा. मला टुलावर बसून भाकरी करायची हाय."

मी माझं वाक्य आठवलं. एक टोक पायाशी धरा, कोपर दुमडा. ‘उभं राहून’ असं मी म्हणालोच नव्हतो. म्हणायची गरज मला वाटली नव्हती.

त्यांनी ज्योतिबाला सांगून जुन्या घरातून परात आणि लाकडी टूल आणवलं. त्यावर बसल्या. त्यांचे पाय त्या दोन फुटांच्या भोकात असे शिरले, जणू ते त्यांच्यासाठीच केलं होतं. होतंच. मी गॅसची टाकी समजलो होतो! परात ओढून, पीठ नव्हतं म्हणून रिकाम्या परातीतच त्यांनी थापून दाखवलं. दंड हलले, खांदे हलले नाहीत. पुण्यात साहेब आम्हाला फळ्यावर काढून दाखवायचे ते हेच.

"व्याही काय म्हनतील?" सुभेदार म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"व्याही भाकरी खात्याल आन जात्याल. कट्ट्यावर उबं ऱ्हायाला येत न्हाईत."

पहार परत गेली.

मला आनंद व्हायला हवा. झालाही थोडा. पण जास्त लाज वाटते आहे. तीन वर्षं मापं घेतली आणि गुडघा मला दिसला नाही. जड पाऊल, हलकं पाऊल, ह्याच डायरीत लिहून ठेवलंय मी.

३ मार्च, सोमवार

काल व्याही आले. मला बोलावलं नव्हतं. आज दुकान उघडायच्या आत तीन जण दारात.

झालं असं, बनुबाईंनी टुलावर बसून सगळ्यांसमोर भाकऱ्या केल्या, आणि व्याहीण म्हणाली, "अय्या, हे तर एकदम लेटेस्ट!" बस. आता सगळ्यांना बसायचा ओटा हवा. कारखान्याच्या एका संचालकाला हवा, सोसायटीच्या चेअरमनला हवा. मी म्हटलं, आधी रांधणाऱ्या बाईंचं माप घ्यावं लागेल. संचालक म्हणाले, "माप कशाला? सुभेदाराचा किती? साडेसव्वीस? मग माझा सव्वीस."

शी शी शी. हात जोडावेसे वाटले आणि हाणावंसंही वाटलं. पुण्याला मात्र आज पत्र टाकलं, येत नाही म्हणून.

८ मार्च, शनिवार

सुभेदारांचा निरोप, एक ट्रॉली अडकते. मी आणि ज्योतिबा गेलो. वास्तुशांत झाली आहे. दाराला तोरण. किचनच्या कोपऱ्यात संगमरवरी देव्हारा, तोही मीच केलेला. फरशीवर गोमूत्राचा वास. गोमूत्र सगळेच शिंपडतात, मी मनाला सांगितलं.

मी चप्पल काढून आत जायला लागलो. बनुबाई टुलावर बसल्या होत्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि हात वर केला.

"तुमी हितंच बसा बाळा. ज्योतिबाला यिऊ द्या. आता देव मांडल्यात."

ह्या किचनची प्रत्येक वीट, प्रत्येक स्क्रू माझ्या हाताखालून गेला. मी उंबऱ्याबाहेर बसलो. स्क्रूड्रायव्हर ज्योतिबाच्या हातात दिला. तो आत गेला, मी बाहेरून सांगत होतो, डावीकडचा स्क्रू सैल कर, आता ढकल. बनुबाई भाकरी थापत माझ्याशी बोलत होत्या, त्याच गोड आवाजात.

"कट्टा लय ब्येस झालाय. पंचवीस वर्सं ह्या घरात रांदतीया, तुला काय पायजे आसं मला कुनी इचारलं न्हाई. तुमी दोरी पाठवलीसा. म्या दोन दिस ती दोरी उशाला घिऊन झोपले."

आणि चहा पाठवला. काचेच्या वेगळ्या पेल्यात.

मी तो प्यायलो नाही. पण त्यांचं बोलणं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या पाण्याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली. बाहेर बसवलेल्या माणसाला आतून शाबासकी मिळते आणि तो भरून पावतो! त्या बाईचा राग धरवत नाही आणि सोडवतही नाही. उठून चालू लागलो. पेला तिथंच भरलेला ठेवला, त्यांना दिसेल असा.

एस.टी.त ज्योतिबा खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "म्या आत जायाला नको हुतं." पुलावर गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "भूषणराव, येक इचारू? आईचं माप किती?"

"कुणाच्या आईचं?"

"तुमच्या."

"ते नमुन्याचं किचन आहे. नमुन्याला माप नसतं."

"तेच म्हनतोय," तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

मला त्याचा राग आला.

९ मार्च, रविवार

सकाळी आई ओट्याशी होती. मी टेप घेऊन गेलो आणि म्हटलं, "आई, जरा सरळ उभी राहा. माप घ्यायचंय."

"माजं? कशाला रं?"

"असंच."

ती हात पुसत आली. मग कॉटखाली वाकून पाट काढला, दोन विटा काढल्या, ओट्यासमोर नीट मांडल्या, हलत नाहीत ना बघितलं, आणि वर चढून उभी राहिली. कोपर दुमडलं. शाळेत फोटोला उभं राहावं तशी.

"घे."

मी जमिनीपासून टेप धरला. बरोब्बर छत्तीस. ओट्याची उंची छत्तीस.

"आई, खाली उतर."

"आसूं दे की. आसंच बरूबर येतंय."

"खाली उतरून घ्यायचं असतं माप."

"मग मोडाया लागंल न्हवं?" तिनं आवाज खाली केला, जणू दुकानात कुणी ऐकत होतं. "गिऱ्हाईक येत्यात आता. तुजं चांगलं चाललंय. माजं काय, मी चढतीया, उतरतीया."

मी तिला दंडाला धरून खाली उतरवलं. ती माझ्या छातीलाही लागत नाही. मला ते माहीत होतं आणि माहीत नव्हतं. तिचं कोपर दुमडलं आणि नेमाप्रमाणे खाली माझी चार बोटं ठेवली. बोटांखाली चटक्यांचे डाग होते. दोन नव्हते. सात-आठ होते, जुने पांढरे, नवे लाल, ओळीनं. छत्तीस इंचांवरच्या तव्याची कड तिला जिथं लागते, ती जागा तीच.

"दुकतंय का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "तू माप घे."

साडेतीस.

ज्योतिबाला निरोप पाठवला आहे. उद्या घण घेऊन ये.